दुखणाईताने स्वतः यावे

तमाम विवाहित पुरुषवर्गास अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, बायकोचे दुखणे नवऱ्याने सायकलवरून आणल्यास ते या दवाखान्यात उतरवून घेतले जाणार नाही. दुखणाईताने स्वतः यावे. येताना आपली छाती, आपला घसा व आपले पाय सोबत आणावेत. हुकमावरून.

हसू नका. ही पाटी मी स्वतःच्या हाताने पत्र्यावर रंगवली आणि बारामतीच्या बाजारपेठेच्या टोकाला, आमच्या दवाखान्याच्या दारावर, खुर्चीवर चढून ठोकली. छप्पन-सत्तावन सालची गोष्ट. मी तिथे कंपाउंडर होतो. नळीबाईंनी मला सांगितलेला मजकूर तीनच शब्दांचा होता: दुखणाईताने स्वतः यावे. बाकीची आरास माझी. डॉक्टरांनी ती वाचून विचारले, "हुकूम कुणाचा?" मी म्हणालो, "तुमचाच साहेब. तुम्हाला कळायचा राहिला होता."

नळीबाई म्हणजे आमच्या नर्स. मिरजेकडे शिकलेल्या, पुण्यात काही वर्षे काम केलेल्या, आणि डॉक्टरांनी बाळंतपणांसाठी म्हणून मुद्दाम बोलावून आणलेल्या. त्या काळी छाती तपासायची नळी ही डॉक्टरांच्याच गळ्यात शोभायची वस्तू. नर्सच्या गळ्यात ती दिसणे म्हणजे नवरीने घोड्यावर बसण्यासारखे. आमच्या बाई मात्र स्वतःची नळी बाळगून होत्या आणि ती अशा काही रुबाबात गळ्यात अडकवायच्या, की बाजारातले लोक आधी नळी बघायचे आणि मग बाई. गावाने नाव ठेवले ते तेव्हाच.

त्यांचा राग फार सुंदर होता. उंचीने बेताच्या, आवाज मऊ, पांढऱ्या लुगड्याला सुरकुती नाही. सामान्य माणूस चिडला की ओरडतो. नळीबाई चिडल्या की "छान!" म्हणायच्या. फार चिडल्या की "फार छान!" आणि "वा, किती छान!" असे ऐकू आले की मी औषधांच्या कपाटामागे जाऊन बाटल्या पुसायला लागायचो. एकदा धीर करून मी त्यांना विचारले होते, "बाई, तुम्ही एवढ्या का चिडता?" त्या म्हणाल्या, "कंपाउंडर, तुम्ही का चिडत नाही?" या प्रश्नाचे उत्तर मला त्या वेळी आले नाही. आता येते, पण आता विचारायला त्या नाहीत.

चिडण्यासारखे काय होते, ते सांगतो. आमच्याकडे रीतच अशी होती की घरात बाई आजारी पडली की नवरा दवाखान्यात यायचा. तिला घेऊन नव्हे, तिच्याऐवजी. बाईमाणसाने परपुरुषापुढे छाती काय म्हणून दाखवायची, आणि ती आली तर भाकऱ्या कोण थापणार? तेव्हा नवरा सायकल भिंतीला टेकवायचा, टोपी सारखी करायचा आणि दुखणे सांगायचा. ते संवाद मला अजून तोंडपाठ आहेत.

"काय होतंय?"

"मला कुठं? तिला होतंय."

"बरं, तिला काय होतंय?"

"छातीत कायतरी होतंय म्हनती."

"दुखतंय, की धडधडतंय?"

"ते तिलाच ठावं. तुमी आपली बाटली द्या."

आणि आम्ही बाटली द्यायचो. 'आम्ही' म्हणालो, पण भरायचो मी. आमच्याकडे पातेलीभर लाल मिक्स्चर आणि पातेलीभर पांढरे मिक्स्चर तयार असायचे. अशक्तपणाला लाल, पोटाला पांढरे. छातीचे काही ठरलेले नव्हते. जे जास्त उरले असेल ते. बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी कात्रीने कातरून चिकटवण्यात माझा हात धरणारा बारामती-इंदापुरात कुणी नव्हता. पट्टीच्या त्या सुबक दात्यांचा मला भयंकर अभिमान होता. बाटली कुणाच्या पोटात जाते, याची मात्र चौकशी मी कधी केली नव्हती.

पुरुषाच्या छातीची गोष्ट निराळी. एकदा वडगाव निंबाळकरच्या एका बागाईतदार आबांच्या छातीत जेवणानंतर कळ आली. बैलगाडी आली, गाडीमागे बारा माणसे आली, आबांची पगडी एकाच्या हातात, जोडे दुसऱ्याच्या. डॉक्टर हातातला पानाचा विडा टाकून धावले. नळी लावली, पुन्हा लावली, पाठीवर लावली. एवढ्यात आबांनी एक ढेकर दिला आणि उठून बसले. पुरणपोळी जरा जास्त झाली होती. बारा माणसांनी एकदम सुस्कारा सोडला, कुणीतरी पेढे आणायला पळाले. त्या साऱ्या गर्दीत, बाहेरच्या बाकावर, एक बाई मघापासून खांद्यांनी श्वास घेत बसली होती. ती आबांच्याच गाडीतून आली होती, आबांची भावजय. तिला कुणी काही विचारले नव्हते, कारण ती आबांना पाणी द्यायला म्हणून आली होती.

"वा," नळीबाई दारातून म्हणाल्या, "किती छान!" मी कपाटामागे गेलो.

त्यांना पुण्याहून टपालाने नर्सांसाठी निघणारे एक इंग्रजी मासिक यायचे. दुपारी मी पट्ट्या कातरत बसायचो आणि त्या मला ते मराठीत वाचून दाखवायच्या, जणू मी मोठा तज्ज्ञच. "ऐका कंपाउंडर. लहानपणी पोराचा घसा सुजतो. मग ताप येतो, गुडघे सुजतात. मग गुडघे उतरतात आणि सगळे विसरतात. पण तो ताप जाता जाता काळजाची झडप खाऊन जातो. दहा वर्षांनी माणसाला धाप लागते, तेव्हा घसा कुणाच्या लक्षातही नसतो. आता सिद्ध झालंय, की दर महिन्याला पेनिसिलिनची एक सुई दिली तर तो ताप पुन्हा फिरकत नाही, उरलेली झडप वाचते. सिद्ध झालंय! आणि आपण काय देतोय?"

"लाल मिक्स्चर," मी म्हणालो.

"छान!"

तेव्हापासून बाजाराच्या दिवशी त्या हातात चमचा घेऊन दवाखान्याच्या पायरीवर उभ्या राहू लागल्या. आईच्या कडेवरून, बापाच्या खांद्यावरून, भाजीच्या पाटीआडून जे पोर दिसेल त्याला "आ कर" म्हणायच्या आणि चमच्याच्या दांड्याने जीभ दाबून घसा बघायच्या. लोक म्हणायचे, "बाई जनावराचं दात बघावं तशा पोरांचं बघत्यात. इकायची न्हाईत आमची पोरं!" बाई म्हणायच्या, "जनावराचं बघता, म्हणूनच तर मला पोरांचं बघावं लागतं."

आता हौसाची गोष्ट. जळोचीला पाटाच्या कडेने उसाची जमीन असलेली एक विधवा होती. साऱ्या जळोचीची ती गोदाआत्या. नवरा गेल्यावर स्वतः रानात उभी राहून तिने उसाला पाणी दिलेले, फावड्याने पाटाची दारे धरलेली; बोलणे त्याच फावड्याने ओढल्यासारखे. तिचा एकुलता मुलगा शिवराम, आणि त्याची बायको हौसा. हौसाचे माहेर इंदापूर तालुक्यातले बावडा. लग्नाला दोन वर्षे झालेली. हा शिवराम महिन्यात तीनदा आमच्याकडे बाटली न्यायला आला. "वाकली की धाप लागती. निजताना चार उशा लागत्यात. आई म्हनती, कामाची चुकार हाय, सोंग करती." मी तिन्ही वेळा लाल मिक्स्चर भरून दिले. तिसऱ्यांदा बाटली त्याच्या हातात पडायच्या आत नळीबाईंनी मधल्यामध्ये उचलली.

"पाय सुजतात तिचे?"

शिवराम गोंधळला. "पाय? पाय कोन बघतंय वो, बाई?"

बाईंनी बाटली मोरीत ओतली. सगळी. मग मला म्हणाल्या, "कंपाउंडर, उद्या सकाळी जळोची."

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा हौसा पाटावरून पाणी आणत होती. डोक्यावर घागर, कडेवर कळशी. दर वीस पावलांनी थांबत होती, आणि थांबल्याचे दिसू नये म्हणून पदर सारखा केल्याचे निमित्त करत होती. गोदाआत्या ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. तिने आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. सुनेकडे पाहून म्हणाली, "बघा, आली महारानी! दोन खेपांत धापती. आमी नवव्या महिन्यात बांदावर भारा वाहिला."

नळीबाईंनी हौसाला आत नेले, दार लोटले आणि बऱ्याच वेळाने उघडले. पायांची सूज मीही पाहिली. बोट दाबले तिथे खळगा तसाच राहत होता. बाई बाहेर आल्या, गळ्यातली नळी काढली आणि तिची दोन टोके गोदाआत्याच्या कानांत बसवली.

"आगं आगं, ह्ये काय?"

"ऐका." बाईंनी नळीचे दुसरे टोक आधी आत्याच्याच छातीवर धरले. आत्याचा चेहरा उजळला. "आगं बया! चालतंय की अजून! घानं चालल्यावानी!" आत्या स्वतःवरच खूश झाली. मग बाईंनी तिला हाताला धरून आत नेले आणि टोक हौसाच्या छातीवर ठेवले.

दार उघडेच होते. आत्याच्या तोंडावरचे हसू जाताना मी पाहिले.

"ह्ये काय वाजतंय? फुस्स-फुस्स?"

"आत्या, तुम्ही दारं धरलीत. पाटाचं दार नीट मिटलं नाही तर काय होतं?"

"पानी मागं येतं. बांद फुटतो."

"हिच्या काळजाचं दार मिटत नाही. लहानपणी गुडघे सुजून ताप आला होता, तेव्हाच ते बिघडलं. पाणी मागं येतंय. पायात उतरतंय, छातीत साठतंय. ही सोंग करत नाही. ही बुडतेय."

मी तिथेच ठरवून टाकले की आता गोदाआत्या रडणार, सुनेला पोटाशी धरणार आणि आम्हाला चहा मिळणार. मी माणसांच्या बाबतीत नेहमीच घाई करतो. आत्याने नळी कानांतून काढली, ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "म्हंजी फशिवलं आमाला. दुखनेकरी पोरगी गळ्यात मारली. लहानपनी गुडघं सुजलेलं म्हनं; तवा बोलले का कुनी? उद्या यष्टीत बसवून बावड्याला धाडते. त्यांचं त्यांनी निस्तरावं."

हौसा आत भिंतीला टेकून बसली होती. शिवराम दारात उभा होता.

बाई शांतपणे बोलल्या. पाण्याची खेप बंद. मीठ बंद, अळणी जेवण, आणि तेही वेळेवर, सगळ्यांच्या शेवटी उरलेल्या ठेच्यावर नाही. दुपारी पडून राहायचे. आत्ता लगेच मूल नको, दिवस राहिले तर जीव जाईल. रोज गोळी, महिन्याला सुई, आणि त्यासाठी तिने स्वतः दवाखान्यात यायचे. बावड्यापर्यंतचा प्रवास आणि तिथले पुन्हा तेच रहाटगाडगे तिला झेपणार नाही.

"सून आदी जेवनार? अळनी? घरात सुतक हाय का?" आत्या म्हणाली. "आनि पानी कोन भरनार? तुमी?"

"फार छान," नळीबाई म्हणाल्या.

त्यांनी पदर खोचला, हौसाने ठेवलेली घागर उचलली आणि चालू लागल्या. मला म्हणाल्या, "कंपाउंडर, कळशी." आता सांगण्यासारखी गोष्ट अशी, की मी तोवर आयुष्यात बाटलीपेक्षा मोठ्या भांड्यात पाणी भरले नव्हते. पांढऱ्या लुगड्यातली नर्स पुढे, विजार-सदऱ्यातला कंपाउंडर मागे, अशी आमची वरात जळोचीच्या गल्लीतून पाटावर गेली. पहिल्या खेपेला दोन बायका थबकल्या. दुसऱ्या खेपेला गल्ली जमली. "आगं, गोदाआत्याच्या घरी दवाखान्याची बाई पानी भरतीया!" "का गं, सून मेली का काय?" कुणीतरी आत्याला ओट्याखालून विचारलेच, "आत्या, सरकारी मानसं लावली व्हय पान्याला?"

तिसऱ्या खेपेला आत्या पायरीवर येऊन उभी होती. तिने बाईंच्या डोक्यावरची घागर हिसकावून घेतली, अर्धे पाणी स्वतःच्या अंगावर सांडले आणि मुलावर ओरडली, "उभा काय ऱ्हातोस खांबावानी? कावड काढ! गावात त्वांड दाखवायची सोय ठिवली न्हाई ह्या बयेनं!"

शिवरामने कावड काढली. जळोचीत पुरुषाने घरचे पाणी भरण्याचा तो पहिला दिवस असावा. लोकांना दोन-तीन दिवस मौज वाटली, मग सवय झाली. लोकांची मौज फार दिवस टिकत नाही, हे नळीबाईंना ठाऊक होते; गोदाआत्याला नव्हते.

दुसऱ्या दिवशी हौसा बैलगाडीतून दवाखान्यात आली. डॉक्टरांनी पहिल्यांदाच तिची छाती ऐकली आणि त्यांचा चेहरा उतरला. माणूस वाईट नव्हता. हात हलका, स्वभाव गोड, फक्त खुर्चीतून उठायचा कंटाळा. म्हणाले, "अरे, हिला आधी का नाही आणली?"

"आणली होती की," नळीबाई म्हणाल्या. "तीनदा. बाटलीतून."

डॉक्टरांनी मान खाली घातली आणि गोळ्या लिहून दिल्या. मीही खाली बघितले. मला माझ्या पट्टीचे सुबक दाते दिसत होते. त्या संध्याकाळी मी पाटी रंगवली.

पाटीने काय झाले म्हणता? बायका येऊ लागल्या. आधी सासूबरोबर, मग जावेबरोबर, मग एकट्या. बाकावर बसून आपापली दुखणी आपल्या तोंडाने सांगू लागल्या. नळीबाई प्रत्येकीची छाती आणि पाय बघायच्या, वर "लहानपणी गुडघे सुजले होते का?" हा प्रश्न. चार-पाच जणी तशाच निघाल्या, झडप गेलेल्या. कुणाला आळशी म्हटले होते, कुणाला झपाटलेली, एकीला तर छातीवर बिब्ब्याचे डाग दिलेले होते. त्या दिवशी बाई 'छान'सुद्धा म्हणाल्या नाहीत. डाग पुसून मलम लावले आणि मागच्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या.

पण बायका येऊ लागल्या म्हणजे कुठेतरी भाकऱ्या थापल्या जात नव्हत्या. गावोगावची वजनदार मंडळी डॉक्टरांना भेटली. "नर्सबाई घरात भांडनं लावत्यात. बायका उलट बोलाय लागल्यात." डॉक्टरांनी वर्षभर मान डोलावली आणि मग एके दिवशी, अत्यंत गोड आवाजात, नळीबाईंना सांगितले की सिस्टर, तुमच्यामुळे पेशंट तुटायला लागले. मी आजवर बरेच अन्याय पाहिले आहेत, काही केलेही आहेत. पण इतक्या गोड आवाजात केलेला दुसरा आठवत नाही. ज्या बाईमुळे दवाखान्याला पहिल्यांदा खरे पेशंट मिळाले, तिच्यामुळे म्हणे पेशंट तुटले!

यष्टी स्टँडवर मी एकटाच पोचवायला गेलो होतो. एक ट्रंक, एक वळकटी, गळ्यात नळी. मी तावातावाने डॉक्टरांना शिव्या देऊ लागलो. बाईंनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "आला एकदाचा राग तुम्हाला? बरं झालं. आता तो जपून वापरा. आणि हौसाची सुई चुकू देऊ नका." गाडी सोलापूरकडे गेली. त्यानंतर मी त्यांना कधी पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पाटी काढायला सांगितली. मी काढली. हो, मीच काढली. राग जपून वापरायचा म्हणजे काय, हे मला तेव्हा कळले नव्हते. मी तो अगदीच जपून ठेवला.

हौसाचे पुढे काय झाले, ते आत्ताच सांगून टाकतो. तिची झडप काही दुरुस्त झाली नाही. पण सूज उतरली, चार उशांची एक झाली, आणि ती पुष्कळ वर्षे जगली. हे घडले ते नळीबाई गेल्यानंतरच्या पहिल्याच महिन्यात घडलेल्या एका प्रसंगामुळे, आणि त्यात माझा काडीचाही वाटा नाही.

बाजाराचा दिवस होता. दवाखाना भरलेला. सुईच्या तारखेला हौसा आली, बरोबर शिवराम आणि गोदाआत्या. डॉक्टरांनी हौसाकडे ओझरते पाहिले आणि जुन्या सवयीने तिच्या डोक्यावरून शिवरामला विचारले, "काय रे, बरी दिसतेय की. धाप?"

"न्हाय आता. बरी हाय," शिवराम म्हणाला.

"मग सुई बंद करू. कशाला उगाच दर महिन्याला टोचून घ्यायचं? गोळीही थांबवून बघू. काय?"

"तुमी म्हनाल तसं," शिवराम म्हणाला. गोदाआत्याने मान डोलावली. डॉक्टर म्हणाले म्हणजे झाले. मी सुई उकळून तयार ठेवली होती. बाईंनी स्टँडवर मला काय बजावले होते, ते आठवत होते. माझे तोंड उघडले, आणि मिटले. डॉक्टरांनी पुढच्या माणसाला हाताने खूण केली.

हौसा बाकावरून उठली. घरच्या माणसांसमोर, परक्या पुरुषांसमोर, सासूच्या देखत, त्या मुलीने आजवर वर मान केली नव्हती. तिचा पदर डोक्यावरून घसरला, तो तिने सावरलाही नाही. आवाज मोठा नव्हता, पण मागच्या अंगणातल्या माणसालाही ऐकू गेला. म्हणाली:

"सुई बंद न्हाय करायची! आनि मला इचारा की डाक्टर, ह्ये काय माझ्या छातीत ऱ्हात्यात व्हय?"